हार्वी मिल्क यांचं दप्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्वी मिल्क हे सॅन फ्रान्सिस्कोतले कॅमेऱ्याचे दुकानदार आणि उघडपणे समलैंगिक म्हणून जगलेले राजकारणी. इथे आम्ही त्यांना आधी दुकानदारच म्हणतो. पहिले नऊ प्रश्न त्यांच्या दप्तराबद्दल, म्हणजे तिथे जपलेल्या त्यांच्या खासगी कागदांच्या संग्रहाबद्दल आहेत. 'आमच्याकडेही असाच एक खोका पडून आहे' असं कळवणाऱ्यांचे प्रश्न दहापासून पुढे आहेत. घाई असेल तर आधी प्र. १० वाचा.

१. हार्वी मिल्क म्हणजे ते अमेरिकन राजकारणीच ना? मग 'दुकानदार' का म्हणता?

तेच. जन्म २२ मे १९३०, न्यूयॉर्क राज्यातलं वुडमियर. नौदल, शाळेतली शिक्षकी, विमा कंपनी, वॉल स्ट्रीट अशा नोकऱ्या करून ते सॅन फ्रान्सिस्कोला आले. १९७३ मध्ये जोडीदार स्कॉट स्मिथ यांच्यासोबत त्यांनी ५७५, कॅस्ट्रो स्ट्रीट इथे 'कॅस्ट्रो कॅमेरा' हे दुकान काढलं. त्याच वर्षी शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची निवडणूक लढवली आणि हरले. १९७५ मध्ये पुन्हा हरले, १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळासाठी उभे राहिले, तिथेही हरले. नोव्हेंबर १९७७ मध्ये निवडून आले आणि ९ जानेवारी १९७८ ला शपथ घेतली. २७ नोव्हेंबर १९७८ ला माजी सुपरवायझर डॅन व्हाइटने सिटी हॉलमध्ये महापौर जॉर्ज मस्कोनी आणि मिल्क या दोघांचा गोळ्या घालून खून केला.

म्हणजे पदावर जेमतेम अकरा महिने, आणि गल्ल्यावर पाच वर्षं. सुपरवायझर हे पद आपल्या नगरसेवकाच्या जवळपासचं. आज त्यांचं नाव जगभर आहे, पण कागद बघायला बसलात की समोर येतो तो एका पेठेतला दुकानदार.

२. 'खासगी कागद' म्हणजे नक्की काय? डायरी आणि पत्रं?

डायरी आणि पत्रं हा त्यातला छोटा भाग. एखाद्या माणसाकडे जगता जगता जे साठलं ते सगळं खासगी कागदांत येतं: आलेली पत्रं, पाठवलेल्यांच्या कार्बन प्रती, भाषणांचे खर्डे, पत्रकं, बिलं, पासबुकं, फोटो, निगेटिव्ह, ध्वनिफिती, वर्तमानपत्रांची कात्रणं. पेशवे दप्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं समजवायला नको. एका माणसाचं किंवा कचेरीचं बाड दुसऱ्याच्या बाडात मिसळायचं नाही, आणि मूळ मांडणी कळत असेल तर ती मोडायची नाही, हे दोन नियम इथेही तेच आहेत.

३. हे कागद आता कुठे आहेत आणि तिथे कसे पोचले?

सॅन फ्रान्सिस्को पब्लिक लायब्ररीच्या जेम्स सी. हॉर्मेल केंद्रात. संग्रहाचं नाव 'हार्वी मिल्क अर्काइव्ह्ज – स्कॉट स्मिथ कलेक्शन', क्रमांक जीएलसी ३५. विनंती करताना हा क्रमांक लिहा.

नावात स्मिथ आहेत ते उगाच नाही. खुनानंतर हे कागद त्यांच्याकडे राहिले आणि १९९५ मध्ये वारेपर्यंत त्यांनी ते सांभाळले. पुढच्या वर्षी त्यांच्या आई एल्व्हा स्मिथ यांनी ते लायब्ररीला दिले. मिल्क आणि स्मिथ यांचं लग्न तेव्हाच्या कायद्यात होऊच शकत नव्हतं. त्या नात्याला कायदेशीर नाव नव्हतं, तरी सोळा वर्षं कागद त्याच नात्याने जपले. आपल्याकडे हे कुठे अडतं ते प्र. १३ मध्ये आहे.

४. सगळं एकाच ठिकाणी बघायला मिळेल का?

नाही. कागद लायब्ररीत, पण मिल्क यांनी मरतेवेळी घातलेला सूट शहरातल्या जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटी या संस्थेकडे आहे. कागद आणि वस्तू यांना वेगळी हवा, वेगळी कपाटं लागतात, त्यामुळे अशी वाटणी नेहमीची आहे. १९८२ मध्ये मिल्क यांचं चरित्र लिहिणारे पत्रकार रँडी शिल्ट्स यांचे कागद मात्र याच लायब्ररीत, पण वेगळ्या संग्रहात आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकात घटनेच्या वेळचा कागद मिळतो, दुसऱ्यात पत्रकाराने नंतर केलेली विचारपूस. खुनाच्या तपासाचे आणि खटल्याचे कागद खासगी संग्रहात शोधू नका. ते पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या दप्तरातले असतात.

५. कॅमेऱ्याच्या दुकानाच्या बिलांत कोणाला कसला रस?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उत्तर असं की या दुकानाची बिलं बाजूला काढली तर चळवळीचा अर्धा हिशेब जातो.

'कॅस्ट्रो कॅमेरा' हे मिल्क यांचं प्रचार कार्यालय होतं. फिल्मचा रोल धुवायला द्यायला आलेला माणूस मतदार नोंदणीचा अर्ज भरून जायचा. कार्यालयाला वेगळं भाडं नाही, वेगळा फोन नाही. म्हणून अशा दुकानाचं फोनबिल हे फक्त दुकानाचं राहत नाही. मतदानाच्या आधीच्या महिन्यात ते किती फुगलं हे पाहिलं की प्रचाराचा वेग कळतो. छपाईच्या पावतीवर पत्रकांची संख्या असते, आणि पत्रकावर ती बहुधा नसते. उधारीच्या वहीत गल्लीतलं कोण कोणाला धरून होतं ते दिसतं.

दुसरं, मिल्क यांचं राजकारणच दुकानदारीतून आलं. समलैंगिकांनी काढलेल्या दुकानांना जुन्या व्यापारी मंडळींचा विरोध होता, म्हणून कॅस्ट्रो व्हिलेज असोसिएशन हा वेगळा व्यापारी संघ उभा राहिला. १९७४ मध्ये कॅस्ट्रो स्ट्रीटची पहिली जत्रा भरली ती गिऱ्हाईक यावं म्हणून. ट्रकचालकांच्या संघटनेच्या सांगण्यावरून गे बारमधून कूअर्स बिअर हटवण्याची मोहीम झाली, तीही बारमालकांशी दुकानदार म्हणून बोलता येत होतं म्हणून चालली. पुढे वस्तीचा भाव वाढला, भाडं वाढलं, आणि १९७८ मध्ये खुद्द मिल्क यांनाच दुकान कॅस्ट्रो स्ट्रीट सोडून मार्केट स्ट्रीटवर न्यावं लागलं. ज्याने पेठ नावारूपाला आणली त्यालाच तिथलं भाडं परवडेना. भाषणात हे सापडणार नाही, भाडेपावत्यांत सापडतं.

६. सुपरवायझर असतानाचे कागद सरकारी नाहीत का? ते खासगी संग्रहात कसे?

तत्त्वतः पदाचे कागद शहराचे, माणसाचे कागद माणसाचे. प्रत्यक्षात एकाच फाइलमध्ये मतदाराची तक्रार, ठरावाचा खर्डा आणि मित्राचं वाढदिवसाचं कार्ड असतं. पदावरचा माणूस अचानक गेला की टेबल कोणीतरी घाईने आवरतं आणि सगळं एकाच खोक्यात जातं. म्हणून मंजूर ठराव, मतदान, सभेचं इतिवृत्त हवं असेल तर ते शहराच्या अधिकृत नोंदीतून घ्या, आणि त्या ठरावामागची खटपट खासगी कागदांत बघा. उदाहरणार्थ, १९७८ चा समलैंगिकांविरुद्धच्या भेदभावाला बंदी घालणारा शहराचा कायदा. एकाच्या भरवशावर राहिलात तर अर्धीच गोष्ट मिळेल.

७. भारतात बसून हे कागद पाहता येतील का?

सूची पाहता येईल, सगळे कागद नाही. 'ऑनलाइन अर्काइव्ह ऑफ कॅलिफोर्निया'वर संग्रहाचं नाव टाका. सूची खोका आणि फोल्डर या पातळीवर असते, म्हणजे 'पत्रव्यवहार, १९७७' इतकंच कळेल, आत कोणाचं पत्र आहे ते कळेलच असं नाही. हवे ते खोका-क्रमांक आणि फोल्डर-क्रमांक टिपून घ्या आणि ग्रंथपालांना लिहा. 'हार्वी मिल्कबद्दल जे असेल ते पाठवा' अशा पत्राला उपयोगी उत्तर मिळणं अवघड. 'खोका अमुक, फोल्डर तमुक, त्यातल्या १९७५ च्या प्रचारपत्रकांच्या प्रती हव्यात' याला मिळतं. प्रतींचे पैसे पडतात, आधी दर विचारा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर पत्ता १००, लार्किन स्ट्रीट, सहावा मजला. सार्वजनिक ग्रंथालय आहे, त्यामुळे विद्यापीठाचं शिफारसपत्र आणा वगैरे भानगड नाही. पण काही खोके दुसऱ्या गोदामात असू शकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी मागणी नोंदवा. टेबलावर पेन चालत नाही, पेन्सिल न्या. एका वेळी एकच फोल्डर उघडायचं, आणि पान जिथून काढलं तिथेच परत ठेवायचं.

८. त्यांचं एखादं पत्र मराठीत भाषांतर करून छापलं तर चालेल का?

न विचारता नाही. कागद लायब्ररीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि नंतर त्याच्या वारसांचा. अनुवाद हा त्याच हक्कातला भाग आहे. अमेरिकेत अप्रकाशित लेखनाला लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण असतं. म्हणून मिल्क यांच्या पत्रांना २०४८ अखेरपर्यंत, स्मिथ यांच्या पत्रांना २०६५ अखेरपर्यंत.

फसगत होते ती मिल्क यांना *आलेल्या* पत्रांत. त्यांचा हक्क पाठवणाऱ्याचा असतो, मिल्क यांचा कधीच नव्हता. पाठवणारा अनामिक असेल तर लिहिल्यापासून १२० वर्षं. १९७४ चं निनावी पत्र २०९४ अखेरपर्यंत अडकलेलं. फोटोचा हक्क बहुधा फोटो काढणाऱ्याचा, फोटोतल्या माणसाचा नव्हे. लेखात दोन-चार ओळी उद्धृत करून त्यांची चर्चा करणं निराळं, पूर्ण पत्र छापणं निराळं.

९. जुन्या यादीत किंवा फोटोत एखाद्याचं नाव दिसलं तर ते जाहीर करावं का?

कॅलिफोर्नियात प्रौढांचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर आले १ जानेवारी १९७६ ला. म्हणजे दुकान उघडल्यावरची पहिली जवळपास तीन वर्षं, स्वयंसेवकांच्या यादीत नाव असणंसुद्धा नोकरी घालवू शकत होतं. फोटोच्या दुकानात आणखी एक पेच असतो: गिऱ्हाइकांनी धुवायला दिलेले आणि परत न नेलेले फोटो. ती माणसं दुकानदारावर विश्वास ठेवून आली होती, इतिहासात यायला नाही.

साधा नियम: ज्याने स्वतः जाहीर भूमिका घेतली त्याचं नाव घ्या. ज्याचं नाव फक्त यादीत, पाकिटावर किंवा पावतीवर आहे त्याचं घेऊ नका, आकडा सांगा. 'यादीत चाळीस नावं, त्यातली नऊ दुकानदारांची' एवढ्याने अभ्यासाचं काम होतं. माणूस वारला असला तरी त्याचे भाऊ-बहीण हयात असतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या (कलम ३७७ वरच्या) निकालाने कायद्याची भीती गेली, घरची गेली असं नाही. म्हणून इथल्या कागदांना हा नियम जास्तच लागू.

१०. आमचे काका दुकान चालवायचे आणि गे चळवळीत होते. ते गेले, माळ्यावर सहा खोके आहेत. सुरुवात कुठून करायची?

काहीही लावायला घेऊ नका. आधी फोटो काढा.

खोका जिथे आहे तिथेच त्याचा फोटो, मग झाकण उघडून वरून फोटो. प्रत्येक खोक्यावर पेन्सिलने क्रमांक: १, २, ३. वहीत प्रत्येकासाठी चार ओळी: कुठे होता, कोणत्या काळातला वाटतो, साधारण काय आहे, काय बिघडलंय. पहिल्या दिवशी एवढंच. उत्साहाने 'पत्रं एका ढिगात, बिलं एका ढिगात' असं केलंत की कोणतं बिल कोणत्या पत्रासोबत होतं हे कायमचं गेलं, आणि प्र. ५ मध्ये सांगितलेलं सगळं त्या सोबतीवरच उभं आहे.

दुसऱ्या दिवसापासून: रबरबँड काढा, ते वितळून कागदाला चिकटतात. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल ओढू नका. मागच्या बाजूच्या दोन्ही टोकांखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून टोकं उभी करा, मग समोरून काढा. चिकटपट्टी असेल तर हात लावू नका, ती सोडवताना शाई निघते. घडीचे कागद एकदाच उघडा आणि सपाट ठेवा. वर्तमानपत्राचं कात्रण शेजारच्या कागदाला पिवळं करतं, त्यामुळे मध्ये आम्लमुक्त कागद घाला. लॅमिनेशन कधीच नाही. ते परत निघत नाही.

'बॉम्बे दोस्त'चे जुने अंक हमखास निघतात. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये समलैंगिकांसाठी सुरू केलेलं हे नियतकालिक तेव्हा हातोहात फिरायचं. 'हे तर छापील आहे, दुसरीकडे मिळेल' म्हणून अंक टाकू नका. मार्जिनमधली टिपणं आणि आत खोचलेल्या चिठ्ठ्या दुसरीकडे मिळत नाहीत.

११. पावसाळ्यात काय? आणि फोटोंना व्हिनेगरसारखा वास का येतो?

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ती वरच असते. माळा आणि पोटमाळा सगळ्यात वाईट. घरातल्या मधल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, जमिनीपासून वीतभर उंच कपाट चांगलं. डांबरगोळ्या नकोत. खोका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतली ओल आतच राहते. कागद भिजलेच तर ४८ तासांत वाळवा: पंखा, सावली, मध्ये टीपकागद. तेवढ्यात जमत नसेल तर पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि सवडीने थोडे थोडे काढा.

व्हिनेगरचा वास ॲसिटेटच्या निगेटिव्हना येतो. फिल्मचा पाया कुजून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. वास येणाऱ्या निगेटिव्ह त्याच दिवशी वेगळ्या ठेवा आणि स्कॅनिंगमध्ये त्यांचा नंबर पहिला लावा. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो लालसर दिसतात कारण त्यातला निळा-हिरवा रंग अंधारातसुद्धा विरतो. पीव्हीसीचे कप्पे आणि चिकट पानांचे अल्बम दोन्ही टाळा. फोटो अल्बमला घट्ट चिकटला असेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा.

१२. सीए म्हणतात जुन्या वह्या रद्दीत द्या. देऊ का?

सीए कराच्या दृष्टीने बरोबर सांगतात. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या असतात, पुढे सक्ती नाही. पण हा नियम कर खात्यासाठी आहे.

कीर्द आणि खतावणी सगळ्या ठेवा, त्या जागा कमी खातात. पावतीपुस्तकं ढीगभर असतील तर दर वर्षाचा एक महिना ठेवा, आणि मोर्चा, शिबिर, खटला असा काही प्रसंग असलेला महिना पूर्ण ठेवा. भाडेकरार, दुकान परवाना, फोनबिलं, छपाईच्या पावत्या, देणगीच्या नोंदी यातलं काहीही टाकू नका. रद्दीत द्यायचं ते फाडून द्या, गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर रद्दीवाल्याकडे जायला नकोत.

१३. आमचे काका आणि त्यांचे जोडीदार वीस वर्षं एकत्र राहत होते. आता कागद कोणाचे?

इच्छापत्र असेल तर त्यात लिहिलंय त्याचे. नसेल तर कायदेशीर वारसांचे, आणि आपल्या वारसा कायद्यात समलिंगी जोडीदार येत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता दिली नाही, त्यामुळे हे अजून तसंच आहे. जोडीदाराने वीस वर्षं नीट लावलेलं कपाट पुतण्या एका दुपारी रिकामं करू शकतो.

हयात असलेल्यांसाठी उपाय स्वस्त आहे. इच्छापत्रात एक स्वतंत्र कलम घाला: 'माझी पत्रं, वह्या, फोटो, ध्वनिफिती, संगणकातल्या फाइली आणि त्यावरचे कॉपीराइट अमुक व्यक्तीला.' दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. किंवा जिवंतपणीच कागद हातात देऊन टाका. जंगम वस्तूची भेट प्रत्यक्ष ताबा दिल्याने पुरी होते. तरी तारखेची एक चिठ्ठी करून ठेवा.

१४. संस्थेला द्यायचं ठरवलं तर कोणाला आणि कसं?

क्वीअर (समलैंगिक, ट्रान्स वगैरे) लोकांच्या कागदांसाठी बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधलं 'क्वीअर अर्काइव्ह फॉर मेमरी, रिफ्लेक्शन अँड ॲक्टिव्हिझम' हे पहिलं दार. खोके न्यायच्या आधी प्र. १० मधली यादी पाठवा, यादीशिवाय कोणीही हो म्हणणार नाही. कोणाकडेही देताना विचारा: दुकानाच्या वह्याही घेणार का? 'फक्त चळवळीचे कागद द्या' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

दानपत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: काय दिलं (यादी जोडून), कॉपीराइट दिला की नुसता कागद, कोणता भाग किती वर्षं बंद, आणि संस्थेला नको असलेलं परत येणार की नष्ट होणार. कॉपीराइट देत असाल तर मुदत आणि प्रदेश लिहाच. आपल्या कायद्यात मुदत लिहिली नाही तर हस्तांतर पाचच वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं धरतात. 'बंद' भागाला तारीख घाला. 'योग्य वेळी उघडावं' असं लिहिलेला खोका कोणीच उघडत नाही.

१५. प्रेमपत्रं आणि 'तसले' फोटो काढून टाकून मग द्यावं का?

टाकू नका, बंद करा. वेगळ्या लिफाफ्यात घालून, मूळ जागी 'इथून एक लिफाफा काढला, खोका ६ मध्ये आहे' अशी चिठ्ठी ठेवा आणि वीस-तीस वर्षांची बंदी मागा. हयात असलेल्या दुसऱ्या माणसाची पत्रं असतील तर त्याला विचारा, तो परत मागत असेल तर देऊन टाका. अपवाद एकच: अल्पवयीन व्यक्तीचं लैंगिक छायाचित्र निघालं तर ते बाळगणं, स्कॅन करणं, कोणाला दाखवणं गुन्हा होऊ शकतो. तिथे थांबा आणि आधी वकिलाशी बोला.

१६. सगळं स्कॅन केलं तर मूळ कागद टाकले तरी चालतील ना?

नाही. स्कॅनमध्ये कागदाचा पोत, मागची छाप, जोडलेली टाचणी येत नाही, आणि हार्डडिस्क बहुधा कागदाच्या आधी मरते. स्कॅन वापरण्यासाठी, मूळ जपण्यासाठी. मजकुराला ४०० डीपीआय, फोटोला ६००, पस्तीस मिलिमीटर निगेटिव्हला ३००० च्या पुढे, टिफ स्वरूपात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. फाइलच्या नावात खोका आणि फोल्डर क्रमांक घाला: 'खो०३_फो०७_०१२'. 'काका जुने फोटो नवीन २' असं नाव दिलेली फाइल दोन वर्षांनी तुम्हालाही उलगडत नाही.

ध्वनिफितींना आधी हात घाला, त्या कागदापेक्षा लवकर जातात. मिल्क यांनी १८ नोव्हेंबर १९७७ ला आपला खून झाला तर ऐकाव्यात म्हणून तीन फिती बोलून ठेवल्या होत्या. त्यातलं बोलणं आजही ऐकता येतं. जुनी कॅसेट घरच्या प्लेयरवर 'चालते का बघू' म्हणून लावू नका. फीत अडकली की त्या जागचं बोलणं संपलं. कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या पाकळ्या मोडून ठेवा म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही, आणि ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात करून देणाऱ्याकडे द्या.